माघ पौर्णिमा आणि आमचा मलंगबाबा

माघ महिना लागला की आमच्या घणसोली गावठाणात कोणीतरी विचारतंच, यंदा बाबाला कोणकोण जातंय. कुठला बाबा हे सांगावं लागत नाही, बाबा म्हणजे मलंगबाबा. मग गाडी कोणाची, सीटा किती, कोणाचा नवस फेडायचा राहिलाय, नवीन लग्न झालेल्या जोडप्याला वर नेऊन आणायचं का, बकरा कोणाकडून घ्यायचा, सगळं सुरू होतं आणि पौर्णिमा तोंडावर आली की आमच्या गल्लीतल्या बायकांना दुसरा विषयच नसतो.

आता यात नवल काय असं वाटेल तुम्हाला, जत्रा म्हटली की तिथीवर असायचीच. पण ही जत्रा म्हणजे उरूस आहे हो. एका सूफी फकिराचा उरूस. उरूस एरवी हिजरी कॅलेंडरने असतो, ते वर्ष आपल्या इंग्रजी वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून दरवर्षी तो तेवढा अलीकडे सरकत जातो, अजमेरचा उरूस रजब महिन्यात म्हणून तो कधी थंडीत येतो तर कधी भर उन्हाळ्यात. आणि इथे मात्र हाजी मलंग नावाच्या बाबाची मोठी जत्रा माघी पौर्णिमेला, कालनिर्णय बघून ठरणारी, आणि तिला येणाऱ्या मुसलमान माणसाला त्यात काही वेगळं वाटत नाही. कल्याणची माझी एक ऑफिसातली मैत्रीण, कोकणी मुसलमान, तिची आई दर वर्षी आपल्या हिंदू शेजारणीला विचारते की माघ पौर्णिमा कधी आहे गं. मला हे ऐकलं तेव्हा इतकं बरं वाटलं ना. एकात्मता वगैरेची भाषणं एका बाजूला आणि ही बाई शेजारणीला तिथी विचारते ते एका बाजूला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी जरा सांगते. मलंगगड हा ठाणे जिल्ह्यात, अंबरनाथ तालुक्यात. कल्याण-शीळ रोडवरून, तळोज्याच्या बाजूने, डोंबिवलीच्या उंच बिल्डिंगांच्या गच्चीवरून, हवा स्वच्छ असेल तर कुठूनही दिसतो, एकदा ओळखला की परत चुकत नाही. सगळ्यात वरचं टोक समुद्रसपाटीपासून साधारण ७८९ मीटर. गडाचे तीन टप्पे, खाली पीरमाची, मग सोनेमाची आणि वर बालेकिल्ला. दर्गा आहे तो पीरमाचीवर, म्हणजे डोंगराच्या सपाट खांद्यावर, आणि त्याच्या पाठीमागे काळा कातळ सरळ उभा. ट्रेकिंगवाली पोरं त्याच्याही वर जातात, सोनेमाचीवरून बालेकिल्ल्याकडे जाताना एक दरी लागते, तिथे लोखंडी पाईपावरून पलीकडे जावं लागतं, खाली बघायची सोय नाही. आम्ही दर्ग्यापर्यंतच जाणारी माणसं.

पायथ्यापासून दर्ग्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. दोन्ही बाजूला दुकानं, चादरी, फुलं, खडीसाखर, रेवड्या, अगरबत्ती, नारळ, लहान पोरांच्या पिपाण्या, लिंबू सरबत, वडापाव, भजी. मधे सलामीची ठिकाणं लागतात, पहिली सलामी, दुसरी सलामी, तिथे थांबून हात जोडायचे किंवा दुवा मागायची आणि पुढे जायचं. म्हाताऱ्या माणसांसाठी डोली असते. फ्युनिक्युलर रेल्वेचं, म्हणजे डोंगरावर दोराने ओढत नेणाऱ्या गाडीचं काम इतकी वर्षं रेंगाळलं की आमच्याकडे त्याच्याबद्दल कोणी फारसं बोलतच नसे, ज्याला जायचं तो चढून जायचा. माझी आजी तर गुडघे दुखायला लागले तरी डोलीत बसायला तयार नव्हती. म्हणायची, बाबाला बोललंय ना, मंग चालत जावाला लागंल.

आजीचा नवस माझ्या बापाचा. त्याच्या आधीची दोन मुलं गेलेली, तेव्हा कोणीतरी सांगितलं की बाबाला बोल. ती बोलली, मूल जगलं, आणि मग आयुष्यभर ती जात राहिली. ती आगरी बाई, घरात खंडोबा, एकवीरा आईला वर्षातून जाणं ठरलेलं, गावदेवीचं सगळं रीतसर, सोमवार पाळायची, आणि याच्यातच बाबा. त्याच्यासाठी वेगळा कप्पा नव्हता तिच्याकडे. देव्हाऱ्याच्या बाजूला एक छोटी ऊदाची वाटी असायची, गुरुवारी संध्याकाळी निखारा ठेवून त्यावर ऊद टाकायची आणि तो धूर आधी देव्हाऱ्याला, मग दारात, मग आमच्या डोक्यावरून. बाबा कोण होता, कुठून आला, कुठल्या धर्माचा, हे तिला मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, फकीर होता. बस्स, एवढंच उत्तर.

आमच्या घरचा मलीदा सांगते, कारण ते बघितलं की सगळं कळतं. गव्हाच्या जाड पोळ्या करायच्या, तव्यावरून काढल्या काढल्या गरम असतानाच परातीत कुस्करायच्या, हात भाजतात म्हणून दोघीजणी लागतात, एकीने कुस्करायचं आणि एकीने वरून किसलेला गूळ टाकत राहायचं, गूळ त्या उष्णतेनेच विरघळला पाहिजे, पाक करायचा नाही. मग तूप, वेलची, सुकं खोबरं. गोळे वळायचे नाहीत, मोकळाच ठेवायचा, स्टीलच्या डब्यात दाबून भरायचा आणि त्यावर स्वच्छ फडकं. हा डबा वाटेत कोणी उघडायचा नाही, जमिनीवर ठेवायचा नाही, आळीपाळीने हातात धरून वर न्यायचा. वर गेल्यावर मुजावर, म्हणजे दर्ग्याची सेवा करणारा, डबा समोर घेतो, फातिहा म्हणजे कुराणातली दुवा म्हणतो, चिमूटभर घेतो, बाकीचा परत. आई त्या वेळी डोळे मिटून तिचं जे काय असेल ते पुटपुटत असते, बहुतेक गणपतीस्तोत्र, कारण तिला तेच पाठ आहे. मुजावराचं अरबी आणि आईचं संस्कृत एकाच डब्यावर, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्याला थांबवत नाही की दुसऱ्याचं संपायची वाट बघत नाही. मग डोक्यावरून मोरपिसांचा कुंचा फिरतो, हिरवा दोरा मिळतो, आणि बाहेर येऊन तोच मलीदा समोर येईल त्याला द्यायचा. कंदुरी असेल तर बकऱ्याचं जेवण आम्ही खाली उतरल्यावर करतो, वर फक्त गोड, हा आमच्या घरचा नियम. माझ्या त्या कल्याणच्या मैत्रिणीकडे पण मलीदा असाच, फक्त ते खोबरं ओलं घालतात. तिची आई आणि माझी आजी एकदा भेटल्या होत्या तेव्हा अर्धा तास याच विषयावर बोलत होत्या आणि दोघींची बोली पण इतकी जवळची की मधे कोणाला दुभाषा लागला नाही.

बाबाची गोष्ट म्हणाल तर परंपरा अशी सांगते की हाजी अब्दुल रहमान शाह मलंग हे बाराव्या शतकात येमेनहून आले आणि या डोंगरावर राहिले. तेव्हा इथे नल राजाचं राज्य. राजाने फकिराची परीक्षा घ्यायला म्हणून आपल्या मुलीला पाठवलं आणि बाबांनी तिला मुलगी मानलं, तीच माँ फातिमा, तिची मजार, म्हणजे कबर, बाबांच्या मजारीजवळ आहे आणि बायका तिथे आवर्जून डोकं टेकवतात. नाथपंथी लोक म्हणतात की ही मच्छिंद्रनाथांची समाधी, हा नाथांचा गड. त्यांची पण श्रद्धा जुनी आणि खरी, गडावर नाथांचं नाव घेत चढणारे लोक मी लहानपणापासून बघितलेत, कोणी त्यांना अडवलेलं बघितलं नाही.

मला स्वतःला त्याच्या पुढचा इतिहास जास्त आवडतो, कारण तो कागदावर आहे आणि तरीही गोष्टीसारखा आहे. १७८० मध्ये इंग्रज आणि मराठे यांची लढाई चालू होती, तेव्हा कॅप्टन ॲबिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने मलंगगडावर हल्ला केला. खालची माची त्याने घेतली पण वरच्या किल्ल्यातले मराठे काही हलेनात. ते वर, हा मधे, आणि मग खालून मराठ्यांची दुसरी फौज येऊन याचीच कल्याणकडची वाट बंद झाली. शेवटी कर्नल हार्टली येऊन त्याला सोडवून घेऊन गेला. वरचा किल्ला इंग्रजांना मिळालाच नाही, आणि पुढे ते इथून गेले तेव्हा लोक म्हणाले ही बाबाची कृपा. आता लक्षात घ्या, हे म्हणणारे मराठे, पेशवाईतले. त्यांनी आभार म्हणून बाबाच्या मजारीला मोत्यांनी मढवलेला जरीचा गलेफ, म्हणजे मजारीवर घालायची चादर, आणि चांदीचे खांब पाठवले आणि ते घेऊन जायची जबाबदारी दिली कल्याणच्या काशिनाथपंत केतकर नावाच्या ब्राह्मणाकडे. १८८२ च्या इंग्रजांच्या ठाणे गॅझेटिअरमध्ये हे सगळं लिहिलेलं आहे. काशिनाथपंतांनी पुढे दर्ग्याची दुरुस्ती पण करून घेतली आणि त्या कामातले दगड आपोआप घडले आणि आपोआप जागेवर जाऊन बसले अशी आख्यायिका आहे. म्हणजे पेशवाईतल्या ब्राह्मणाच्या हातून पिराचा चमत्कार, आणि सांगणारे दोन्हीकडचे.

तेव्हापासून देखरेख केतकरांकडे. हे सगळ्यांना गोड लागलं असं नाही. कल्याणच्या काही मुसलमानांनी हरकत घेतली की पिराच्या जागेची व्यवस्था ब्राह्मणाकडे कशी, आणि प्रकरण इंग्रज कलेक्टरपर्यंत गेलं. साल १८१७. त्याने काय करावं? चिठ्ठ्या टाकायला लावल्या. आणि तीनदा टाकल्या, तिन्ही वेळा चिठ्ठी निघाली काशिनाथपंतांच्या बाजूची. झालं, बाबालाच हे मान्य आहे असं सगळ्यांनी मानलं आणि वहिवाट केतकरांकडे राहिली. मला या प्रसंगातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते की हरलेली बाजू पण बाबाच्या कौलाला मान देऊन थांबली. भांडण होतं, खरं भांडण होतं, पण बाबाचा शब्द शेवटचा हे दोघांना मान्य होतं.

पुढे स्वातंत्र्यानंतर पण कज्जा झाला आणि थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, गोपाळ कृष्णाजी केतकर विरुद्ध महंमद जाफर, १९५४ च्या लॉ रिपोर्टात हा निकाल छापलेला आहे. वकिली भाषा बाजूला ठेवून सांगायचं तर कोर्टाने म्हटलं की ही जागा मुसलमान संताच्या मजारीची, व्यवस्था हिंदू कुटुंबाकडे, भक्त दोन्हीकडचे, त्यामुळे हिला फक्त हिंदू कायदा किंवा फक्त मुसलमान कायदा लावता येत नाही. तिची स्वतःची जी रूढी चालत आलीय ती आणि विश्वस्त संस्थांचा सर्वसाधारण कायदा यानेच तिचा विचार करायचा. मी कायद्यातली नाही, पण हे वाचलं तेव्हा मला आजीच आठवली. तिला कोणी विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं, तिकडची रीत तिकडची आहे, आपण ती पाळायची.

रीत म्हणजे काय, तर कोण काय करतो ते ठरलेलं असणं. माघ पौर्णिमेला पालखी निघते, संदल म्हणजे चंदनाचा लेप चढतो, त्यात केतकरांचा मान ठरलेला, मुजावरांचं काम ठरलेलं, आजूबाजूच्या गावातल्या आगरी, कोळी, ठाकर लोकांची ये-जा ठरलेली. डोंगरावर राहणारी, दुकानं चालवणारी कुटुंबं दोन्ही धर्मांची. चढताना जिथे आम्ही पाणी प्यायला थांबतो ती दुकानदारीण मुसलमान आहे, ती आईला फुलांचं ताट देताना न विचारता त्यात नारळ ठेवते आणि एखाद्या बुरखेवाल्या बाईला देताना नारळाऐवजी गुलाबाच्या पाकळ्या जास्त घालते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. तिच्या बाजूचा खानावळवाला पाटी लावतो, शुद्ध शाकाहारी, कारण नवस असलेली कितीतरी हिंदू माणसं त्या दिवशी वशट खात नाहीत, आणि त्याच्या पलीकडे बिर्याणीची देग शिजत असते.

आणि हे फक्त आपल्या ठाण्याचंच आहे असं पण नाही. पाथर्डी तालुक्यातलं मढी घ्या, कानिफनाथांचं ठिकाण, मुसलमान भक्त त्यांनाच शाह रमजान माही सवार म्हणून मानतात आणि तिथे येतात आणि यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत. बुलढाण्याच्या सैलानी बाबांची मोठी यात्रा पण होळीला, नारळांची होळी पेटते. हिजरी तारखेने नाही, फाल्गुनाने. शेती करणाऱ्या माणसाला सवड कधी मिळते, हातात पैसा कधी येतो, बैलगाडी कुठल्या महिन्यात चिखलात रुतत नाही, यावर आपल्याकडच्या जत्रा बसल्यात असं मला वाटतं, आणि पिराने पण ते मान्य केलंय. माघात भात घरात आलेलं असतं, पाऊस नाही, ऊन तापलेलं नाही, पौर्णिमेला रात्रभर उजेड. डोंगर चढायला याच्यापेक्षा चांगला दिवस कुठला?

आता जे बोलायला जड जातं ते. ठाण्यात १९८० च्या दशकात शिवसेनेचे नेते आनंद दिघे यांनी मलंगगडाचं आंदोलन सुरू केलं, हे नाथांचं स्थान आहे म्हणून, आणि तेव्हापासून दर माघ पौर्णिमेला आरती, घोषणा आणि पोलीस बंदोबस्त हे पण जत्रेचा भाग झालं. २०२४ च्या जानेवारीत तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी मलंगगड मुक्तीचं बोलल्यावर परत सगळीकडे चर्चा. मी कोणाच्या श्रद्धेला खोटं म्हणत नाहीये, नाथांचं नाव घेऊन जो माणूस एवढ्या पायऱ्या चढतो त्याची भक्ती माझ्या आजीपेक्षा कमी कशाला असेल. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. घोषणा सुरू झाल्या की माझी आई डबा पदराखाली घेते. मी बघितलंय ते. मलीद्याचा डबा, जो आजपर्यंत उघड्यावर हातात धरून नेला, तो ती झाकून घेते, जशी काही आपण चोरीचं काहीतरी घेऊन चाललोय. आणि तेव्हाच पलीकडून येणारी एखादी मुसलमान बाई पोरांना जवळ ओढून भिंतीला लागून चालायला लागते. दोघी एकाच बाबाकडे चाललेल्या, एकाच कामाला, बहुतेक पोराबाळांच्या काळजीने. त्या दोघींना घाबरवून कोणाचं काय मोठं होतं ते मला खरंच कळत नाही.

दर्गा की समाधी हा प्रश्न जो विचारतो त्याला एक उत्तर हवं असतं. नवस बोलणाऱ्याला ते नको असतं. त्याला हवं असतं की आपल्या आजीने जसं केलं तसं आपल्याला करता यावं, तीच पायरी, तोच ऊद, तोच मुजावर, तीच पौर्णिमा. आणि ही व्यवस्था नुसत्या प्रेमावर चाललेली नाही. तिच्यासाठी लोक भांडलेत, कलेक्टरकडे गेलेत, चिठ्ठ्या टाकल्यात, सुप्रीम कोर्टात वकील लावलेत आणि दरवेळी भांडून झाल्यावर परत त्याच पायऱ्या चढलेत. इतकी वर्षं टिकलेली रीत आहे ती, कोणाची मेहेरबानी नाही. मला ती माझ्या पोरीला तशीच्या तशी द्यायचीय. तिला मी मलीदा कुस्करायला बसवते, हात भाजतात म्हणून ओरडते, पण बसते. तिने मोठं झाल्यावर मानावं की मानू नये हे तिचं ती ठरवेल, पण गेली तर तिला डबा लपवावा लागू नये एवढीच माझी इच्छा आहे, आणि हे मी आमच्या गावठाणातल्या पोरांना, जी घोषणा द्यायला जातात त्यांना पण तोंडावर सांगते. त्यातल्या निम्म्यांच्या आज्या माझ्या आजीबरोबर एकाच टेम्पोतून बाबाला गेलेल्या आहेत. पोरं ऐकून घेतात, काही बोलत नाहीत, पण मागच्या खेपेला त्यातलाच एकजण आईचा डबा धरायला पुढे आला.

असो, यंदा कोणाला जायचं असेल तर. नवी मुंबईतून स्वतःच्या गाडीने शीळफाट्याने जाता येतं, लोकलने असाल तर कल्याणला उतरा, तिथून केडीएमटीची, म्हणजे कल्याण-डोंबिवली पालिकेची, हाजी मलंगची बस मिळते, नाहीतर नेवाळी नाक्यावरून रिक्षा. सकाळी लवकर निघा, दहानंतर पायऱ्या तापतात आणि दर्ग्यात चप्पल काढून चालायचंय हे लक्षात ठेवा. पाणी सोबत असू द्या, खाण्याच्या पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका, माकडं ओढतात. म्हातारं माणूस बरोबर असेल तर डोलीवाल्याशी पायथ्यालाच पैशाचं नक्की बोलून घ्या. नुसतं दर्शन हवं असेल तर पौर्णिमेच्या आधीचा आठवडा बरा, गर्दी कमी असते, मुजावर पण निवांत बोलतात. पालखी बघायची असेल तर मात्र पौर्णिमेलाच या, आणि लहान पोरांच्या खिशात फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मलीद्याला गूळ चिक्कीचा घेऊ नका, साधा घ्या, चिक्कीचा गार झाला की दगड होतो.